गयामावशीच्या कामापुढे "मोबदला नाही" कुणी लिहायला लावलं?

दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या गाववाल्यांनो, सरकार आपल्याला मोजत नाही ही आपल्या सगळ्यांची तक्रार आहे.

एकदाच मोजायला आलं होतं.
तेव्हा आपलं गाव खोटं बोललं.

काल दुपारी गयामावशी गेली. अंबडच्या दवाखान्यात नेता नेता, जीपमध्येच.

गावाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. टोळ्या उसाला गेल्या की आमच्या गावात म्हातारी माणसं तेवढी उरतात. मावशी त्यांच्या घरोघर फिरायची. अंथरुणाला खिळलेल्या बायजाआजीला दिवसातून कितीदा तरी कुशीवर वळवायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. बीपीच्या गोळ्या स्वतःच्या हातानं द्यायची. दात नसलेल्यांना भाकरी दुधात कुस्करून द्यायची.

नामदेवआप्पा अंघोळीला तयार नसायचे.

"आप्पा, उठता का सुनेला व्हिडिओ कॉल लावू? बघू द्या तिला, सासरा कसा दिसून राह्यला."

"लाव. ती काय तिकडून पाणी ओतणार हाय का?"

"न्हाई. पण तुमची तंबाखू बंद करंल."

आप्पा उठायचे.

या कामाची प्रत्येक घर तिला जवारी द्यायचं. बोलून ठरवलेली. ते दान नव्हतं, मजुरी होती. तिनं ती कधी लपवली नाही.

मागच्या वर्षी, टोळ्या परत आल्यावर, सर्वेक्षणवाली एक मुलगी टॅब घेऊन आली. लेकरं, म्हातारी माणसं, अपंग यांना सांभाळण्याच्या कामातून राज्यात किती उत्पादन होतं, त्याचा हिशोब चालला होता. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बरेच जण बसले होते. मीही होतो.

मुलीनं मावशीला विचारलं, "मोबदला काय घेता?"

"जवारी."

"चालतं. धान्याची किंमत धरता येते."

सरपंच मध्येच बोलले, "ताई, ते न्हाई लिहायचं. मावशी पुण्य म्हणून करते."

"पुण्य कशाचं? पोतं भरून घेते मी."

"तू गप बस मावशी. वर काय जाईल? ह्या गावचे लोक मायबाप भाड्यानं सांभाळायला देतेत म्हणून?"

सगळ्यांनी माना हलवल्या. आप्पांचा मुलगा तर म्हणाला, "माझ्या बापाला माझी बायको बघती. बिलकुल."
बायको निम्मं वर्ष त्याच्यासोबत उसाच्या फडात असते.

मी उभा राहिलो. मावशीची जवारी ही मजुरीच आहे, तसंच लिहा, असं चांगला आवाज चढवून बोललो.

ओट्यावरून कुणीतरी मला म्हणालं, "भाऊ, भाषण अंबडला ठेवा. हितं घरातली गोष्ट चालू हाय." सगळे हसले.

मुलीनं टॅबवर भरलं. गृहिणी. मोबदला नाही.

आता हे नीट समजून घ्या.

कारखान्याची साखर काट्यावर ठेवता येते. कुशीवर वळवलेली आजी ठेवता येत नाही. म्हणून अशा कामाचं उत्पादन, ते करणाऱ्याला काय मिळालं यावरून काढतात. पैसा असो की धान्य. काहीच मिळालं नाही म्हटलं, की काम झालंच नाही.

पद्धत अपुरी आहे. तिच्याविरुद्ध मी सभांमधून घसा कोरडा केलाय.

पण त्या अपुऱ्या पद्धतीतसुद्धा मावशीला जागा होती.
ती जागा मुंबईतल्या कुठल्या साहेबानं हिसकावली नाही. गावाच्या अब्रूनं हिसकावली.

त्या दिवशी घरी जाताना मावशी मला म्हणाली, "राग न्हाई रे मला. पण मंग मी इतकी वर्सं काय करून राह्यले, ते तरी सांगायचं होतं त्यांनी."

आज सकाळी लोक तिच्या दारी भेटायला आले होते. तिची सून सुनीता म्हणाली, हे काम मी पुढं चालवते. मावशीचे गुडघे गेल्यापासून उचलायचं-वळवायचं तीच करायची. तिला सगळ्यांची औषधं माहीत आहेत.

तिनं एवढंच विचारलं, "मला काय देणार?"

सरपंच म्हणाले, "मावशी तर फुकट करायची की."

ज्यांनी ज्यांनी पोती भरून दिली होती, ते तिथंच बसले होते.


कुणाच्या तरी अब्रूसाठी सांगितलेलं खोटं आज सुनीताच्या मजुरीवर उलटलंय. तिचा नवरा म्हणतोय, उसाला चल, तिथं निदान कामाला काम म्हणतात. मजुरी ठरली नाही तर ती जाईल. तिचं बरोबरच असेल.

आणि बायजाआजी एकाच कुशीवर पडून राहील.

मावशी, तुझी पाठ कधी जमिनीला टेकलेली पाहिली नाही. आता निवांत पड. तुला माझा शेवटचा नमस्कार.

गाववाल्यांनो, सोमवारी ग्रामसभा आहे. ज्याच्या घरातून मावशीला जवारी गेली, त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर सांगा: "आम्ही तिला मजुरी देत होतो." आणि ते इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.