पेवातली हवा
मोड आलेल्या मटकीच्या फडक्यात हात घातला, की आतली ऊब लागते आणि मला माझ्या सासरचं, तळवड्यातलं पेव आठवतं. लग्नाला वर्ष झालं होतं. अंगणात जमिनीखाली खोल पेवात सासरचा जोंधळा साठवलेला असे. भर दुपारी त्याच्या तोंडावरची फरशी सरकवली, तसा कोमट, आंबूस वास वर आला. यजमान दोर धरून उतरायला निघाले, तोच सासूबाईंनी त्यांचा दंड धरला. "आदी कंदील सोड." कंदील पुरुषभर खाली गेला आणि वारा नसताना ज्योत बारीक होत विझली. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा तिथंच विझला. "आत कोन हाय, आत्याबाई?" मी घाबरून सासूबाईंना विचारलं. "जोंधळा हाय. जित्ता हाय त्यो. समदी हवा त्योच पिऊन बसलाय." दोन दिवस पेव उघडं ठेवलं. मग कंदील तळाशी जळत राहिला, तेव्हाच यजमान उतरले. आपण जित्ता दाणा दळला, या विचारानं त्या जोंधळ्याची पहिली भाकरी मला खाववेना. परवा नातीनं पुस्तकातून वाचून सांगितलं, की दाण्याच्या पेशींत तंतुकणिका असतात, त्या प्राणवायू घेऊन अन्न जाळतात आणि त्याच शक्तीवर दाणा जिवंत राहतो. "तुझ्याही पेशींत आहेत, आजी," ती म्हणाली, आणि मी नकळत श्वास रोखून धरला.