काळी चार

माझ्या भावोजींइतका बेसूर माणूस अख्ख्या रोहा तालुक्यात सापडायचा नाही, ही गोष्ट मला ताईच्या लग्नातच कळायला हवी होती. कळली नाही, कारण भावोजी कधी एकटे गायलेच नाहीत. भजनी मंडळात पुढे पेटीवर बुवा बसतात आणि ओळ म्हणतात. मागे टाळ घेऊन बसलेले झीलकरी तीच ओळ उचलून धरतात. भावोजी जन्मभर झीलकरी. डावीकडे टाळ, उजवीकडे टाळ, समोर पखवाज. त्या गदारोळात एखादं गाढव बसवलं असतं तरी लोक म्हणाले असते, आज भजन रंगलं.

तेवढ्यावर सगळं सुखात चाललं असतं. पण मंडळाच्या म्हाताऱ्या बुवांनी दात काढून कवळी बसवली आणि अभंगातल्या प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायला लागली. बुवांनी जाहीर केलं, यंदाच्या उत्सवात पेटीमागे दुसरं कोणीतरी बसेल. ते दुसरं कोणीतरी म्हणजे आपणच, असं भावोजींनी त्याच क्षणी धरून टाकलं. रोहा आणि नदीपलीकडची अष्टमी यांच्यामधल्या पुलावर भेटणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले. मला तर त्यांनी हात धरून सांगितलं. "नोकरी झाली, घर झालं, पोरगं कंपनीत लागलं. आता एकच राहिलंय. एकदा पेटीमागे बसायचं. मग मेलो तरी चालेल." मी म्हटलं, "बसाल, भावोजी." दुसऱ्या गोष्टीबद्दल मी काही बोललो नाही.

रियाज सुरू झाला. बुवांची जुनी भजनं मोबाईलवर होती. ती स्पीकरवर मोठ्याने लावायची आणि डोळे मिटून माना हलवायच्या, असा तो रियाज. घर अष्टमीतलं, दोन खोल्यांचं, मध्ये फळीची भिंत. फळीपलीकडे भाचा झोपलेला. त्याची केमिकल कंपनीत तिसरी, म्हणजे रात्रीची शिफ्ट. सकाळी घरी यायचा, तो उशीत डोकं खुपसतोय तोच अलीकडे पखवाज. शेवटी ताईचा मला पेणला फोन आला.

"तू तो कानावरचा डबा घालतोस ना, तसला ह्यांना घेऊन दे. पोरगं डोळे तांबडे करून कामावर जातंय. एक दिवस भलताच व्हॉल्व फिरवील नि आख्खं रोहं उडवील."

कानावरच्या डब्यांतला मी जाणकार मानला जातो. मला घरात जुनी नाटकं ऐकायची खोड आहे आणि माझ्या बायकोला ती ऐकवत नाहीत, एवढीच माझी पात्रता.

भावोजी एसटीने पेणला आले. वडखळच्या कोंडीत तासभर उकडूनही इस्त्री मोडलेली नव्हती. मुलगी बघायला निघाल्यासारखा थाट. आम्ही बाजारातल्या दुकानात शिरलो. दुकानदाराने काउंटरवर खोकी मांडली आणि डोक्यावरून जाणाऱ्या हेडफोनच्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "काका, पट्टी कुठली देऊ?"

भावोजींनी मान ताठ केली. "काळी चार."

"चार?" दुकानदार उजळला. "सगळ्या घराला घेताय वाटतं! पण काळ्या दोनच आहेत. दोन निळ्या चालतील?"

भावोजी माझ्याकडे वळले. "निळी पट्टी? ह्याने पेटी बघितलीय का कधी?"

आता गाणारा माणूस आपला सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतो आणि काळी चार ही चांगली चढी पट्टी आहे, हे त्या बिचाऱ्या दुकानदाराला कुठून ठाऊक असणार? तो निळ्याची तारीफ करत राहिला, भावोजी काळ्याची. मी मध्ये पडलो नाही. असा माल रोज बाजारात येत नाही.

अखेर घालून बघायला सुरुवात झाली. कानात खुपसायची बोंडं पहिल्यांदा. भावोजींच्या कानांत केसांचं जे जंगल आहे त्यात ती टिकेनात. मान हलवली की एक इकडे, एक तिकडे. दुसरा जाळीदार, उघड्या पाठीचा. आवाज झकास, पण शेजारी उभ्या असलेल्या मलाही पखवाज ऐकू येत होता. "ह्यात बाहेरचंही कळतं," दुकानदार म्हणाला, "आपण गुणगुणलो तर आपलाही आवाज ऐकू येतो." तिसरा बंद, जाड गाद्यांचा, कानांवर कुकरच्या झाकणासारखा बसणारा. तो चढवल्यावर दुकानदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्याचं एकच आहे. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. स्वतःचा आवाजसुद्धा नीट नाही. लोक ओरडायला लागतात नि त्यांना पत्ताच नसतो."

"काय म्हणतोय?" भावोजी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेर रिक्षावाल्याने वळून बघितलं.

मी म्हटलं, "हाच बांधा."

का? भाच्याची झोप म्हणून. उघड्या पाठीच्याने ती मोडलीच असती. हे कारण खरं आहे आणि पुरेसं आहे. त्याच्या पाठीमागे दुसरं एक कारण हसत उभं होतं, पण त्याला कोणी पुढे बोलावलं नव्हतं.

उद्घाटनाला मी मुद्दाम रोह्याला गेलो. भावोजी खुर्चीत बसले, हेडफोन चढवला, डोळे मिटले, मोबाईलवर बोट टेकवलं. घरात शांतता पसरली. पंख्याची कुरकुर ऐकू आली. ताईने माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. फळीपलीकडे भाचा घोरायला लागला.

आणि भावोजी गायला लागले.

पहिला सूर लागला तो काळी चार आणि तिच्या शेजारची पांढरी यांच्या मधल्या फटीत. तिथे पेटीला पट्टीच नाही. तिथून तो घसरला, सावरला, पुन्हा चढायला गेला आणि कुठेतरी फांदीला अडकून लोंबकळत राहिला. पेटी नाही, टाळ नाहीत, बुवा नाहीत. तो आवाज पहिल्यांदाच कपड्यांविना घराबाहेर पडला होता. मधेच तो थांबायचा, कारण कानात पेटीचा तुकडा चाललेला असायचा. तो आम्हाला ऐकू येत नव्हता. संपलं वाटून ताई गॅसवरचं दूध उतरवायला वाकली की मागून एकदम "हाऽऽऽ!" दूध शेगडीवर.

भाचा दारात येऊन उभा राहिला. "मामा, स्पीकर लाव परत. निदान बुवा तरी ऐकू यायचे."

शेजारीण धावत आली. "काय झालं गो? कोणाला विंचू चावला?"

"नाय गो, रियाज चाललाय," ताई म्हणाली.

शेजारणीने एक क्षण ऐकलं आणि भावोजींच्या समोर जाऊन कोपरापासून हात जोडले. नेमके तेव्हाच भावोजींनी डोळे उघडले. समोर जोडलेले हात! त्यांनी गाणं न सोडता उजवा हात उचलून आशीर्वाद दिला. शेजारीण तोंडाला पदर लावून पळाली. बाहेर तिच्या हसण्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता, आम्हाला.

मग माझी बहीण पुढे झाली. तिच्याबद्दल एक सांगायला हवं. माहेरी ती सारखी गायची. लग्नानंतर भाकऱ्या थापताना गुणगुणली की भावोजी म्हणायचे, "कोण तो फुटका टोप वाजवतंय?" हळूहळू टोप वाजायचा थांबला. आणि या बाईने नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक मारलेली मी आयुष्यात ऐकली नव्हती. रागात अहो, तापात अहो.

ती हातात पळी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. चेहऱ्यावर गोड हसू. "अरे ए फुटक्या टोपा," ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा आमची म्हैस सुरात ओरडायची रे. ती निदान चाऱ्यासाठी तरी ओरडायची."

भावोजींना दिसलं ते हसू. त्यांनी प्रसन्नपणे मान डोलावली आणि बोटाने खूण केली, थांब, पुढची जागा ऐक.

मी भिंतीला धरून बसलो. पोट दुखेपर्यंत हसलो.

त्यानंतर रोह्याला जायची एकही संधी मी सोडली नाही. पेणहून रोहं लांब वाटेनासं झालं. ताईची हिंमत रोज चढत होती. "पाय उचल रे, झाडायचंय." "किती खाशील? जरा पोराला ठेव." एकदा तर समोर बसून तिने त्यांना सासूपासून सुरुवात करून सगळा संसार ऐकवला, शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता, कुठे आवाज न चढवता, अरे-तुरेमध्ये. भावोजी डोळे मिटून ताना मारत होते. त्या दिवसांत ताईच्या गालांवर तेज आलं. कानावरचा डबा ज्याने शोधला त्याने बायकांसाठी काय केलंय ते त्याला ठाऊक नसावं.

पेटीमागे कोण बसणार हे देवळात ठरायचं होतं, त्याच्या आदल्या दुपारी म्हातारे बुवा घरी आले. मी होतोच. भावोजी डोळे मिटून रियाजात. बुवांनी आम्हाला हाताने गप्प केलं आणि समोरच्या खुर्चीत बसले. अख्खा अभंग त्यांनी ऐकला. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मग आमच्याकडे वळून, प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजवत म्हणाले, "ह्याच्या दोन्ही बाजूंना जड टाळवाले मी उगाच नाय बसवायचो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. पण माणूस सतरंज्या चांगल्या उचलतो." बुवांनी गुडघे चोळले. "उद्या देवळात ह्याने तोंड उघडलं तर उत्सव संपला. आजच सांगायला पाहिजे. कोण सांगतो?"

मी छताकडे बघितलं. भाचा आत गेला.

"मी सांगते," ताई म्हणाली.

तेवढ्यात अभंग संपला. भावोजींनी डोळे उघडले, समोर बुवा दिसले, तसा त्यांनी घाईने हेडफोन उतरवला आणि पायांवर वाकले. "कसं वाटलं, बुवा?"

बुवांनी ताईकडे बघितलं. ताई पुढे आली. वाक्य तिने मनात जुळवलं असणार, पण जीभ सवयीने सुटली.

"अरे, तुला गाता येत नाय. पेटीचा नाद सोड."

पंखा फिरत होता. भावोजी वाकलेले ते हळूहळू सरळ झाले.

"काय म्हणालीस?"

ताईचा चेहरा पांढरा पडला. "अहो, तुम्हाला गाता येत नाय, असं म्हणाले मी."

"ते नाय. त्याच्या आधी."

"काही नाय..."

"'अरे' म्हणाल्या," बुवांनी मदत केली. "स्पष्ट."

भावोजी खुर्चीत बसले. मी त्यांच्याकडे टक लावून होतो. आता त्यांना 'गाता येत नाय' हे वाक्य कळेल, मग तोंड कसं होतंय ते बघायचं, अशी माझी तयारी. पण ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. वाटेत 'अरे' आडवा पडला होता.

"बुवांसमोर," ते म्हणाले. "माझ्या गुरूसमोर. मला. अरे." मग उभे राहिले, हात जोडले. आवाज कापत होता आणि, खरं सांगतो, बोलताना तो चांगला लागत होता. "बुवा, ज्याला घरात अहो नाय, त्याला देवळात बुवा कोण म्हणील? माझं नाव काढून टाका. मी पेटीला हात लावणार नाय."

"तुमचा मान मंडळ ठेवील," बुवा इतक्या चटकन म्हणाले की कवळी सुटता सुटता राहिली. आणि चहाला न थांबता, वयाला न शोभणाऱ्या चपळाईने पुलाकडे निघून गेले.

उत्सवात पेटीमागे अष्टमीचाच एक जण बसला. बरा गायला. भावोजी मागे बसले होते, शेजारच्याला सांगत की आपण जागा सोडली म्हणून हा दिसतोय. लोक हळहळत होते. केवढा त्याग! हेडफोन आता भाचा घालून झोपतो.

सगळ्याचा जाब ताईला द्यावा लागला. भावोजी तिच्याशी बोलत नव्हते. ताट पुढे आलं की जेवायचे आणि भिंतीला सांगायचे, मीठ कमी आहे. किराणाच्या दुकानात बायका तिला ऐकवायच्या, "नवऱ्याला अरे केलंस गो, नि बिचाऱ्याची बुवाई गेली." एका सासूने तर नव्या सुनेला बोट करून दाखवली, हीच ती. हात जोडून पळालेली शेजारीणही त्यांत होती आणि सगळ्यांत मोठ्याने तीच बोलत होती. ताई पिशवीत डाळ भरून घ्यायची आणि मान खाली घालून घरी यायची.

मला ते बघवेना, म्हणजे मजा येईनाशी झाली. मी म्हटलं, "ताई, एका वाक्यात सुटशील. त्यांना गाता येत नव्हतं, बुवांनीच नाकारलं असतं, हे चारचौघांत सांगून टाक ना."

ताईने निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली आणि दाराबाहेर बसलेल्या भावोजींकडे एक नजर टाकली.

"नि मग?" ती हळूच म्हणाली. "मला खोटी पाडायला ते गाऊन दाखवतील."