शनिवारीच न लागणारा ब्रेक

ब्रेक मी अकराव्यांदा दाबला आणि चाक अकराव्यांदा जागच्या जागी थांबले. मॅनेजर कारखान्याच्या दारात उभे राहून पाहत होते.

"म्हणजे सायकल ठीक आहे. मग दोष माणसात आहे," ते म्हणाले. "शुक्रवारी सुट्टी, शनिवारी सकाळी पडणे. तुम्ही सायन्सच्या. निष्कर्ष तुम्हीच काढा."

सायकल हरिभाऊंची होती. आमचा कारखाना सायझिंगचा. लूमवर ताणले जाणारे उभे धागे तुटू नयेत म्हणून आधी त्यांच्यावर स्टार्चची खळ चढवतात, त्याला सायझिंग म्हणतात. हरिभाऊ ती खळ शिजवत आणि मी लॅबमध्ये ती तपासत असे. सत्तरच्या दशकात भिवंडीत केमिस्ट म्हणून मुलगी ठेवणे मॅनेजरांना धाडसाचे वाटे. ते धाडस वाया गेले नाही, हे मला सिद्ध करायचे होते.

हरिभाऊ दिघाशी गावाहून सायकलने येत. भिवंडीत शिरण्याआधी एक उतार लागे आणि तो थेट ट्रकच्या रस्त्यावर उतरे. त्या हिवाळ्यात ते तिथे तीनदा पडले. तिसऱ्या वेळी ट्रकचे चाक त्यांच्या हाताजवळून गेले. पुन्हा पडले तर नोकरी जाणार, असे मॅनेजरांनी सांगून टाकले होते.

"मी थेंब घेत न्हाय, बाई," एवढेच हरिभाऊ मला म्हणाले. माझा त्यांच्यावर विश्वास होता, पण विश्वास हा पुरावा नव्हे.

मी वहीत शक्यता लिहिल्या आणि एकेक खोडत गेले. रस्ता खराब म्हणावा, तर मंगळवारी तोच रस्ता ठीक कसा? डोळ्यांवर ऊन येते म्हणावे, तर शिफ्ट सातची. दव कारण असावे, तर माझीही सायकल दवात भिजते आणि ती कधी घसरली नाही. एका बुधवारी त्यांची सायकल मी रात्रभर कारखान्याच्या अंगणात उघड्यावर ठेवायला लावली. सकाळी ब्रेक उत्तम लागला. खोडायला काही उरले नाही, तेव्हा वहीत दारूच शिल्लक राहिली. मी इतकी गोंधळले की एक दिवस मॅनेजरांचे म्हणणे मला पटूही लागले.

मग एक साधी गोष्ट ध्यानात आली. सायकल मी नेहमी उतार संपल्यानंतर तपासत होते.

पुढच्या शनिवारी मी पहाटेच उताराच्या माथ्यावर जाऊन थांबले. हरिभाऊ दिसताच हात करून त्यांना उतरायला लावले. पुढच्या ब्रेकच्या रबरावरून बोट फिरवले. बोट बुळबुळीत झाले. तेल असेल असे वाटले, पण तेलाचा वास नव्हता. मी रबर कापसाने पुसले आणि तो कापूस पुडीत घेतला. हरिभाऊंना सायकल हातात धरून उतार उतरायला सांगितले.

लॅबमध्ये कापसावर आयोडीनचा थेंब टाकला. स्टार्चला आयोडीन लागले की निळा रंग येतो. कापूस गर्द निळा झाला.

खळीची टाकी आम्ही फक्त गुरुवारी संध्याकाळी, सुट्टीच्या आधी, रिकामी करत असू. उरलेली खळ गटारात जाई, असा माझा समज होता. निळा कापूस हरिभाऊंना दाखवला तेव्हा कळले, की ते त्यातली थोडी डब्यात भरून हँडलला अडकवून घरी नेत. त्यांची बायको गावातल्या लग्नाकार्याच्या साड्यांना खळ करून देई. डबा गळका. खळ ब्रेकच्या दांडीवरून ओघळून रबरावर जाई आणि शुक्रवारभर वाळे. शनिवारी पहाटेच्या दवाने तीच पुन्हा भिजे. पहिल्या दोन-तीन दाबांत ब्रेक निसटे, थर घासून निघे आणि कारखान्यात मला ब्रेक निर्दोष मिळे.

"डबा गळतो, हे तुम्हाला माहीत होते?"

"म्हाईत हाय ना."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर डबा बंद झाला असता. पडत तर मीच व्हतो."

आता मीच पेचात पडले. खरे सांगितले तर दारूचा आरोप टळणार होता, पण न विचारता माल नेल्याचा लागणार होता. तरी रिपोर्ट लिहिला आणि कापूस सोबत जोडला.

मॅनेजरांनी तो दोनदा वाचला. "जी खळ आपण गटारात ओततो, तिच्यासाठी हा माणूस ट्रकखाली जाणार होता?" त्यांनी विचारले. त्यांनी माझाच पेन घेऊन रिपोर्टखाली लिहिले: खळ न्यायची असल्यास झाकणाच्या डब्यात, मागच्या कॅरिअरवर.

हरिभाऊ त्या हिवाळ्यात पुन्हा पडले नाहीत. पुढे कामगारांच्या अपघाताची चौकशी माझ्याकडे आली, की मी यंत्राला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारत असे: खरे सांगितल्याने या माणसाचे काय बंद होणार आहे? बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात हा प्रश्न नव्हता. आयोडीन होते.