मनाचं वाजवा, लिहून घ्या

भाऊबीजेला भावाने ओवाळणीत काय घालावं हा भावाचा प्रश्न असतो. आमच्याकडे मात्र त्या वर्षी यांनी बहिणीच्या ताटात माझी गिटार घालायचं ठरवलं. मला विचारलं नव्हतं. जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं.

गिटार माझ्या वडिलांनी घेऊन दिलेली. मी कॉलेजात होते तेव्हा, म्हणजे साठाच्या दशकात, नागपुरात मुलींनी गिटार शिकायची टूम निघाली होती. ती गिटार आडवी. मांडीवर ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हाताने तारांवरून स्टीलचा रॉड सरकवायचा. उभी गिटार पोरांची, आडवी पोरींची, असा समाजाने परस्पर न्याय करून टाकला होता. आडवी गिटार घेतलेली मुलगी दुरून तांदूळ निवडायला बसल्यासारखी दिसते, त्यामुळे आईबापांची हरकत नसे. पाहायला आलेल्या मंडळींपुढे मी ती वाजवली, यांच्या घरच्यांनी माना डोलावल्या, लग्न ठरलं आणि गिटार कपाटावर गेली. तिचं काम झालं होतं.

मुलं हायस्कुलात जाईपर्यंत ती तिथेच होती, जुन्या लुगड्यात बांधलेली. मग नणंदेच्या मुलाला कॉलेजात गेल्यावर गिटारीचं वेड लागलं. नणंद म्हणाली, "कपाटावर पडूनच तं आहे." पडून तर तुमचे बंधूही असतात रविवारभर, त्यांना कोणी मागत नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "मी वाजवणार आहे."

हे हसले. "आता? या वयात? वाजव नं वं, कोन नाही म्हनते. शारदोत्सवात चार लोकायसमोर वाजवून दाखव. नाही जमलं तं भाऊबीजेले देऊन टाकू."

म्हणजे नवरात्रापर्यंतची मुदत. बापाने दिलेली वस्तू ठेवून घ्यायला मला परीक्षा द्यायची होती, आणि परीक्षक कोण, तर ज्यांना सनई आणि कुकरची शिटी यांतला फरक कळायला वेळ लागे.

पहिल्या दिवशी लुगडं सोडलं तर तारा गंजलेल्या. नव्या लावल्या, बसले, आणि हात हात राहिला नव्हता. रॉड नको तिथे थांबे, हव्या त्या सुराच्या अलीकडे थरथरत राही. एकटीने हे व्हायचं नाही हे कळलं, म्हणून इतवारी बाजारात एक क्लास होता तिथे नाव घातलं.

"कायचा क्लास?" यांनी विचारलं.

"सध्या स्केल शिकवतात."

हे सरकारी खात्यात नकाशे काढायचे. "स्केल शिकायले क्लास काहून पाहिजे? माह्या टेबलावर पडली आहे, घेऊन जा." हा विनोद त्यांनी ऑफिसातही सांगितला असावा, कारण पुढे त्यांचे सहकारी घरी आले की मला विचारत, वहिनी, पट्टी चालू आहे का. मराठीत पट्टी आखायचीही असते आणि गाण्याचीही, पण यांच्या खात्याला दुसरीचा पत्ता नव्हता.

क्लास भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर होता. खाली दिवसभर स्टीलच्या डब्यांवर मशीनने नावं कोरत. तिचा कर्र आवाज एकाच सुरात चाले, आणि सांगायला हरकत नाही, त्या माडीवर सुरात असलेली तेवढीच एक गोष्ट होती. मास्तर पूर्वी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत. खोलीतही काळा गॉगल लावत. माझी गिटार मांडीवर आलेली पाहून त्यांनी गॉगल कपाळावर चढवला.

"मॅडम, हे काय पाट्यावर वरवंटा फिरवून राहिल्या तुम्ही? गिटार उभी पकडा, उभी."

उभी गिटारवाली पोरं हसली. मी म्हटलं, ही उभी वाजत नाही. त्यावर मास्तरांनी मोठं मन केलं आणि मला कोपऱ्यात खिडकीपाशी बसवलं, पाट्याची जागा असते तिथे.

त्यांनी स्केल शिकवले. सी मेजर म्हणजे आपला साधा बिलावल, सगळे शुद्ध सूर, शाळेतल्या प्रार्थनेच्या पेटीत असतात तेच. पण मास्तरांच्या तोंडून तो बोटीने विलायतेहून उतरल्यासारखा येई. वर जा, खाली या. पुन्हा वर जा, खाली या. ज्याचा हात जास्त जोरात पळे तो हुशार. मला ती सगळी पोरं जिना चढून काही न घेता खाली येणाऱ्या माणसासारखी वाटत. वर गेलास कशाला, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. हात सुधारला हे मात्र खरं. महिन्या-दीड महिन्यात रॉड सुरावर नेमका थांबू लागला.

मग एक दिवस मास्तरांनी हात चोळले. "आता इम्प्रोव्हायझेशन. बडी चीज आहे. स्केल पकडायचा आणि त्यात आपल्या मनाचं वाजवायचं. आयत्या वेळी जे सुचन ते. समजलं? मनाचं." पोरांनी माना हलवल्या. मास्तर फळ्याकडे वळले. "चला, लिहून घ्या."

आणि सगळ्यांनी लिहून घेतलं. चार ओळी, सुरांसकट, कुठे थांबायचं त्या खुणांसकट.

मी विचारलं, "सर, मनाचं असतं तर लिहायचं काहून?"

मास्तर फळ्यावरून न वळताच म्हणाले, "मनाचंच आहे, मॅडम. माह्या मनाचं."

पुढच्या आठवड्याला ते आयत्या वेळचं सगळ्यांचं पाठ झालं होतं. ज्याला एखादा सूर आठवत नसे त्याला मास्तर ओरडत, "पाठ करून नाही आला? स्टेजवर काय मनाचं वाजवशील?" या वाक्यात काही खटकण्यासारखं आहे असं त्या माडीवर कोणालाही वाटलं नाही. मी घरी येऊन एकटीच हसले. मग हसू गेलं आणि चीड आली, कारण त्या चार ओळी मीही पाठ केल्या होत्या आणि त्या बोटांतून निघता निघत नव्हत्या.

दुपारी घर रिकामं असे. मी ठरवलं, जिना नाही चढायचा. फक्त ग, म आणि प. तीन सुरांत काय होतं ते पाहू. बराच वेळ काहीच झालं नाही. ग वाजला, म वाजला, प वाजला, शाळेतल्या हजेरीसारखे. मग एकदा ग वरून प कडे जाताना रॉड मधे रेंगाळला. ज्या जागी रेंगाळला ती जागा फळ्यावर नव्हती. म च्या किंचित अलीकडे, कुठल्याच सुराची नाही. तिथे थांबून मी पुढे म वर टेकले आणि अंगावर काटा आला. उभ्या गिटारीच्या दांडीवर धातूचे पडदे बसवलेले असतात, तिला एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी घ्यावी लागते. माझा वरवंटा मधल्या वाटेने जाऊ शकत होता. मी रोज दुपारी त्याच वाटेने जाऊ लागले आणि रोज ती थोडी निराळी निघे. ठरवून पुन्हा तसंच करायला गेले की जमत नसे. मला ते फार आवडलं.

शारदोत्सव आमच्या क्वार्टर्सच्या मैदानात, संध्याकाळी. मास्तरांच्या क्लासला त्यात जागा मिळाली होती. नणंद पहिल्या रांगेत मुलाला घेऊन बसली. ती ऐकायला आली नव्हती, वस्तू नीट आहे ना ते बघायला आली होती.

एकेक जण उभा राहिला. आधी स्केल, मग एक धून, मग मास्तर माईकवर सांगत, "आता कलाकार आपल्या मनाचं वाजवतील," आणि कलाकार त्याच चार ओळी वाजवी. दुसऱ्यानेही त्याच. तिसऱ्याच्या वेळी बायका मान हलवू लागल्या. चौथ्याला तर नणंदेच्या शेजारची बाई बरोबर गुणगुणत होती. सगळ्या मैदानाला ते मनाचं पाठ झालं होतं.

शेवटी मी. स्केल झाला, धून झाली, मास्तरांनी तेच वाक्य म्हटलं. मी ग वर गेले. तिथेच राहिले. मग हळूहळू निघाले. मधे हरवले, परत फिरले, पुन्हा गेले, आणि म वर पोचले तेव्हा वाटलं, हा म आजच तयार झाला. किती वेळ वाजवलं माहीत नाही. थांबले तेव्हा हे संपलं की अडलं ते कोणाला कळेना. मग कोणीतरी दया येऊन टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी तिला साथ दिली.

मास्तर बाजूला कुजबुजले, "मॅडम, पहिल्याच ओळीले घसरल्या तुम्ही."

घरी जाताना हे म्हणाले, "सगळ्यायनं सारखं वाजवलं. तू एकटीच चुकली." आवाजात राग नव्हता. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा काही स्वतःचं वाजवलं होतं, मला इतका आनंद झाला होता, आणि तो ज्याला दाखवावा असं एकही माणूस त्या मैदानात नव्हतं.

भाऊबीजेला नणंद मुलाला घेऊन सकाळीच आली. मुलाने गिटारीसाठी खोळ शिवून आणली होती. हे पाटावर बसले, तिने ओवाळलं, आणि ताट पुढे धरून दोघांनीही कपाटाकडे पाहिलं. कपाटावर काहीच नव्हतं. मी पलीकडे सतरंजीवर बसले होते आणि गिटार माझ्या मांडीवर होती.

नणंद म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी तुमचं चुकलंच नं. मंग कायले ठेवता?"

मी म्हटलं, "मी अजून चुकून राहिली, बाई. माहं चुकणं झालं की घेऊन जा."

ताट तसंच पुढे, निरांजन जळतंय, आणि यांनी दुसरं काही आणलेलंच नव्हतं. खिसे चाचपून झाले. शेवटी यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि ताटात ठेवलं. नणंद त्या घड्याळाकडे पाहत होती तेवढ्यात मी रॉड उचलला, ग वरून निघाले, आणि म च्या अलीकडे जाऊन निवांत चुकले.