दोन फेऱ्यांमधली नदी

पुलाच्या खांबावरची पाण्याची उंची मोजायची पट्टी गेल्या पुरात वाहून गेली. आता नदीची उंची उपग्रह वरून मोजतो आणि त्या उंचीवरून किती पाणी वाहतंय याचा अंदाज बांधतात. काठच्या पायऱ्यांवर उभी राहून पाटबंधारे खात्याची तरुण अभियंता काठावर ऊस असलेल्या अक्काताईंना मोबाईलवर तोच आकडा दाखवत होती.

"पाणी अजून खालीच आहे, अक्काताई. उपग्रह परवा पुन्हा येईल."

"तवर नदी थांबतीया व्हय?"

अक्काताईंची पाणी उपसायची मोटार काठालगत होती. पाऊस इथे नव्हता, वर डोंगरात होता. मोटार काढली तर ऊस वाळणार, ठेवली तर मोटार बुडणार.

उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमधली नदी कुणीच पाहिलेली नसते. माणसांनाही आपण असेच अधूनमधून भेटतो आणि मधले दिवस सरळ रेषेने जोडून टाकतो. त्या रेषेवर माझा विश्वास बसत नाही.

अभियंता पाण्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मोटार माझी असती तर काढली असती."

अक्काताईंनी मळ्याकडे हाळी दिली. माणसं येईपर्यंत त्यांनी पायरीवरच्या आपल्या चपला दोनदा उचलून वरच्या पायरीवर ठेवल्या.