हात मांडीखाली

आमच्या धाकट्याबद्दल कुणी विचारलं की मी आधी मशीन थांबवते. माझं शिवणाचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. गिऱ्हाइकं मापं देतात आणि जाता जाता विचारतात, "धाकटा काय करतो हल्ली?" त्यांना वाटतं मी एखाद्या कंपनीचं नाव सांगेन. मी म्हणते, बसा जरा, उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते.

तो घरी असताना कसा होता हे आधी ऐका. जेवलेलं ताट जागेवर. ओला टॉवेल पलंगावर. शर्टाचं बटण तुटलं की शर्ट माझ्या मशीनवर भिरकावून निघून जायचा, संध्याकाळी शिवून तयार हवा. मी लाडावून ठेवलाय असं आमचे हे म्हणायचे. अजूनही म्हणतात.

कॉलेज संपल्यावर एक दिवस हा पठ्ठ्या जेवताना सांगतो की मी वर्षभर परदेशात चाललोय. एका संस्थेत, स्वयंसेवक म्हणून. राहायचं-खायचं त्यांच्याकडे, पगार नाही. माझे दीर समोरच बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला. "इथे कधी स्वतःचा पेला विसळला नाहीस," भाऊजी म्हणाले, "तिथे जाऊन कुणाचं काय करणार आहेस?" धाकटा हसला आणि पुढच्याच महिन्यात गेला.

वर्ष संपत आलं तेव्हा फोनवर म्हणाला, संस्था आणखी एक घर सुरू करतेय, ते मी सांभाळावं असं म्हणतायत, अजून दोन वर्षं. विचार करतोय. झालं, आमच्याकडे बैठक बसली. भाऊजींनी ओळखीत त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवलेली. ह्यांची झोप उडालेली. शेवटी ठरलं की मी जायचं आणि त्याला घेऊनच यायचं. मीच का, तर माझ्या तोंडापुढे कुणाचं काही चालत नाही. हे सगळ्यांना मान्य होतं, मलाही.

गेले. तिथलं घर म्हणजे गल्लीतल्या चार घरांसारखंच एक दुमजली घर. दवाखान्याचा वास नाही, पाटी नाही. आत राहणारी माणसं मोठी होती, काही तर माझ्याहून मोठी, पण साधी साधी गोष्ट शिकायलाही त्यांना फार वेळ लागायचा. त्यांच्याबरोबर तीन-चार मदतनीस राहायचे, त्यातला एक आमचा. घरातल्या बोळात कमरेइतक्या उंचीवर हाताला धरायला लाकडी दांडा. कोट अडकवायच्या प्रत्येक खुंटीखाली ज्याचा त्याचा फोटो. आणि स्वयंपाकघरात एक लांबच लांब टेबल. सगळ्यात सावकाश चालणारा माणूस येऊन बसेपर्यंत त्या टेबलावर कुणी घास उचलायचा नाही. पहिल्या दिवशी माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि समोरचं सूप गार होत होतं.

घर चालवणारी बाई माझ्याच वयाची. रुंद खांद्यांची, बाह्या कायम दुमडलेल्या. मनातल्या मनात मी तिला विहीणबाई म्हणायचे. मुलगा ठेवून घेऊन बसली होती, मग दुसरं काय म्हणणार? तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. धाकटा मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायचा. माझं निम्मं तो गाळायचा असा मला दाट संशय आहे, कारण मी तावातावानं एवढं बोलायचे, त्याचं तिकडे दोन शब्दांत व्हायचं, आणि ती गोड हसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर न्हाणीघराचं दार उघडं. आत खुर्चीवर एक म्हातारेबुवा, गालांना साबण लावलेला, आणि धाकटा त्यांची दाढी करतोय. प्रत्येक वेळी वस्तरा त्यांना दाखवायचा आणि थांबायचा. म्हातारेबुवांनी डोळे मिटले की मगच गालाला हात लावायचा. मान जराशी हलली की वस्तरा बाजूला. मग पुन्हा दाखवायचा, पुन्हा थांबायचा. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. पण मी तिथे कौतुक करायला गेले नव्हते, म्हणून दारातच खोकले आणि चहाचं विचारलं.

आता कप्तान. पंचेचाळिशीचा, ठेंगणा, गोलमटोल माणूस. जेवायला कुणी कुठे बसायचं हे तो बोट दाखवून ठरवायचा, म्हणून घरात सगळे त्याला कप्तान म्हणायचे. मला त्यानं धाकट्यापासून लांब, टेबलाच्या पार टोकाला बसवलं. मी नाक मुरडलं, पण बसले.

त्या गावात एक रोपवाटिका होती. तिच्या मालकानं कबूल केलं होतं की कप्तान आठवडाभर रोज वेळेवर आणि एकटा आला, तर त्याला कायम कामावर घेईन. कुंड्यांत माती भरायचं काम. बस कोपऱ्यावर मिळायची. कुठली धरायची, कुठे उतरायचं, हे धाकट्यानं त्याच्याबरोबर जाऊन जाऊन पक्कं करून घेतलं होतं. घोडं अडत होतं ते शर्टाच्या बटणांपाशी. बटणं लावून होईपर्यंत बस निघून जायची. मी म्हटलं, गळ्यातून घालायचं काहीतरी द्या की. नाहीतर मी बटणांच्या जागी वेल्क्रोची चिकटपट्टी लावून देते, चुटकीसरशी होईल. पण ते कप्तानालाच नको होतं. कामावर जाणारी माणसं बटणांचा शर्ट घालतात, असं त्याचं म्हणणं. आणि एकदा त्यानं ठरवलं की ठरवलं.

तो बटणं लावायला बसला की धाकटा त्याच्यासमोर स्टुलावर बसायचा आणि स्वतःचे दोन्ही तळहात मांडीखाली दाबून ठेवायचा. त्या घराची ती रीतच. ज्याला जे येतं किंवा येऊ घातलंय, ते दुसऱ्यानं करायचं नाही. आणि आपले हात आपल्याला न विचारता पुढे जातात, म्हणून ते मांडीखाली. विहीणबाईसुद्धा तशीच बसायची, एवढी मोठी बाई. काज-बटणात जन्म गेलेल्या माझ्यासारखीला हे बघवणार कसं? माझे हात नुसते शिवशिवायचे.

त्यात धाकट्यानं मला स्वच्छ सांगून टाकलेलं, "आई, कप्तान कामाला लागेपर्यंत मी माझं काहीच ठरवणार नाही." मी मनात म्हटलं, एवढंच ना? मग लावूया की त्याला कामाला.

मालकाचा तो आठवडा सुरू झाला आणि पहिले दोन दिवस कप्तान कसाबसा धावत जाऊन, बस पकडून कामावर पोचला. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा म्हातारेबुवांच्या दाढीत अडकलेला, विहीणबाई खाली, आणि कप्तान खोलीत अजून दुसऱ्या बटणाशीच झटापट करतोय. घड्याळ पुढे पळतंय. मी आत गेले, त्याचे हात अलगद बाजूला केले आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं भराभर लावून टाकली. कॉलर नीट केली. पाठीवर थाप मारली आणि दाराकडे बोट दाखवलं.

तो हलला नाही. शर्टाकडे बघत उभा राहिला. मग खालून एक एक बटण काढायला लागला. सगळी काढली. पलंगावर बसला आणि पहिल्यापासून लावायला लागला, पण डोळ्यांत पाणी आलेलं, बटण काही दिसेना. खिडकीतून मला बस जाताना दिसली.

धाकट्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, मग मलाही ओरडता आलं असतं. विहीणबाईनं रोपवाटिकेत फोन लावला. मालक म्हणाला, सोमवारपासून पुन्हा आठवडा मोजू, पण एकदाच, नंतर मी दुसरा माणूस बघेन. मग तिनं माझ्यासमोर चहा ठेवला. ती ओरडली असती त्यापेक्षा तो चहा मला जास्त लागला.

"मी काय त्याचं घोडं मारलं?" मी म्हटलं. "मदतच केली ना? तुम्ही लोक नुसते बघत बसता आणि वर माझीच चूक काढता."

"तुला कुणी काही म्हटलं का?" धाकटा म्हणाला. तो बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. "आई, तो इथे येण्याआधी त्याच्या आईकडे होता. चाळिशी उलटेपर्यंत. ती त्याला रोज कपडे घालायची, बटणं लावायची, भांग पाडायची. मग ती गेली. तिला पोचवायला सगळे जमले, आणि हा तिथे उघड्या शर्टानं उभा होता. कुणाच्या लक्षातच आलं नाही की ह्याला बटणं लावता येत नाहीत."

मी हातातला कप खाली ठेवला.

"वाईट नव्हती गं ती," तो म्हणाला. "फार जीव होता तिचा त्याच्यावर. तो अजून तिच्याबद्दल सांगतो मला."

विहीणबाईनं माझ्या कपात आणखी चहा ओतला. दिवसभर मला ती बाई दिसत राहिली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. माझ्यासारखीच असणार. घाईची, हाताला चपळ, मुलाला वेळ होऊ नये म्हणून झटणारी.

सोमवारी सकाळी मी स्वतःहून कप्तानाच्या खोलीत गेले, धाकट्याच्या बाजूला दुसरं स्टूल ओढलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. कप्तानानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी हात आणखी आत सरकवले.

त्यानं सुरुवात केली आणि पहिलंच बटण दुसऱ्या काजात घातलं. मला घाम फुटला. शिवणारी बाई मी, आणि माझ्या नाकासमोर अख्खा शर्ट वाकडा चाललाय. मी धाकट्याकडे पाहिलं. त्यालाही दिसलं होतं, ओठ आवळून बसला होता. पण शब्द काढला नाही. एकेक बटण काजापाशी यायचं, निसटायचं, परत यायचं. माझे हात मांडीखाली बधिर झाले. शेवटी कप्तान खाली पोचला तर एक बटण उरलं. तो त्या बटणाकडे बघत राहिला. मग घड्याळाकडे. मग उठला, शर्ट होता तसाच ठेवून वरून कोट चढवला, आणि आम्हां दोघांना तिथेच बसवून निघाला.

धाकटा खिडकीशी गेला. कोपऱ्यापर्यंत सोबत जायचं नाही असं ठरलेलं. खाली कप्तान रस्ता ओलांडत होता, एक खांदा वर, एक खाली. बस आली, थांबली, गेली, आणि कोपऱ्यावर कुणी उरलं नाही. मी मात्र बस बघत नव्हते, मी माझ्या मुलाकडे बघत होते. बस गेली तरी तो काचेला कपाळ टेकून त्या रिकाम्या कोपऱ्याकडेच बघत होता. ज्यानं घरी कुणासाठी कधी पाच मिनिटं वाट बघितली नाही, तो एका परक्या माणसाच्या बटणांसाठी महिनोन्महिने हात दाबून बसला होता. हा माझा मुलगा, असं मला त्या गल्लीत ओरडून सांगावंसं वाटलं. पण कुणाला कळलं असतं?

आठवडा पार पडला. कप्तानाला रोपवाटिकेचा एप्रन मिळाला. तो घालूनच तो जेवायला आला आणि सगळ्यांना जागा वाटून दिल्या. मला टोकालाच.

त्या रविवारी दुपारी आम्ही मायलेक भांडी करत होतो. तो घासत होता, मी पुसत होते. अचानक मान वर न करता म्हणाला, "आई, आता कप्तानाचं झालं. तू सांग. येऊ की राहू?"

उत्तर माझ्या जिभेवरच होतं. त्यासाठीच तर आले होते. भाऊजींनी बघितलेली नोकरी, ह्यांचे दुखरे गुडघे, त्याची बंद खोली, सगळं मुखोद्गत होतं. आणि मी म्हटलं असतं चल, तर तो खरंच आला असता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी पुसायचं फडकं दोन्ही हातांत घट्ट धरलं.

"तुझं तू बघ," मी म्हटलं. रागानं नाही म्हटलं.

त्याला खरं वाटेना. एकच पातेलं तो घासत राहिला, घासत राहिला. मी काही म्हणते का याची वाट बघत होता. मला चार वेळा तोंड उघडावंसं वाटलं. चारही वेळा मी एक एक ताट पुसलं.

"मला राहायचंय, आई," तो म्हणाला.

"बरं," मी म्हटलं. मग वर गेले, न्हाणीघरात नळ सोडला आणि पोटभर रडले. दुःख किती आणि अभिमान किती, ते मला विचारू नका.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांचा फोन आला. "घेऊन येतेयस ना? त्याला दे फोन."

"तो इथे नाही," मी म्हटलं. "नव्या घराला रंग द्यायला गेलाय. मी एकटीच येतेय, मला न्यायला या."

हे म्हणाले, "त्यानं राहतो म्हटलं आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"नाही बोलले."

"तू?"

"हो, मी," मी म्हटलं. "आणि तुम्हीही त्याला काही बोलायचं नाही."