पिल्लाची आई दाखवा

माझी ताई अठ्ठावीस वर्षं प्रसूतिगृहात आया होती. बाळ पुसायचं, गुंडाळायचं आणि बाहेर बाकावर ताटकळलेल्या नातेवाइकांच्या हातात द्यायचं. भांडत बसलेली माणसंसुद्धा ते गाठोडं मांडीवर आलं की गप्प होतात, असं ती सांगायची. त्याची तिची एक पद्धतच होती. "द्यायचं आणि एक पाऊल मागे सरकायचं. बोलायचं नाही. बोललं की माणूस विचार करायला लागतो." आम्ही हसायचो. तिला दुसरा अभिमान होता तो याचा, की तिच्या हातून कधी एक बाळ इकडचं तिकडे झालं नाही. बाळाच्या मनगटावरची पट्टी ती दोनदा वाचायची आणि तिसऱ्यांदा त्याच्या आईसमोर मोठ्याने. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते हिच्याच हातून झालं.

मी तिची धाकटी बहीण. जनावरांच्या दवाखान्यात आहे. तपासताना कुत्री-मांजरं धरायची, टेबल पुसायचं, फोन घ्यायचा आणि डॉक्टरबाईंचं डोकं फिरलं की मुकाट ऐकून घ्यायचं. तशी मी तोंडाची फटकळ, पण जिथे बोलायला हवं होतं तिथे नेमकं माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

निवृत्त झाल्यावर ताई सुकत चालली. भाऊजी आधीच गेलेले, मुलगा दूर आणि सून त्याहून दूर. सकाळी सहाला ड्यूटीचे कपडे घालून ती पलंगाच्या कडेवर बसून राहायची. अशातच वरच्या मजल्यावर कुणीतरी पिल्लू विकत घेतलं. ते पोचवायला आलेल्या व्हॅनवाल्याने जिन्यात ताईला क्षणभर ते धरायला दिलं. तिने धरलं आणि ते रडायचं थांबलं. व्हॅनवाल्याला माणसाची पारख होती मेल्याला. आठवड्याने तो एक कुत्री घेऊन दारात आला. काकू, बिचारी थकलीय, तुमच्याकडे सुखात राहील, म्हणाला.

सोनेरी केसांची, डाव्या कानाचं टोक नसलेली. ताई तिला बाई म्हणायची. पहिले चार दिवस बाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभीच होती. सतरंजीवर बसायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. ताई रात्री तिच्याशेजारी जमिनीवर झोपायची. पाचव्या दिवशी ताईचा दवाखान्यात फोन आला. मला वाटलं कुणी गेलं. "माझ्या पायावर हनुवटी ठेवली गं तिने," म्हणाली आणि रडत राहिली.

ती बाईला तपासायला घेऊन आली तेव्हा मी काय ते ओळखलं. पायाची बोटं फाकलेली, म्हणजे वर्षानुवर्षं जाळीवर उभी. पोटाखाली सडं लोंबत होती, म्हणजे वेतामागून वेत. असली कुत्री घरातून येत नाही, पिंजऱ्यातून येते. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीकडे. दोन वर्षांनी प्रथमच ताईने त्या दिवशी केस नीट विंचरले होते. मी काही बोलले नाही.

त्याच भिंतीवर माझ्या हाताने लिहिलेला कागद आहे, पिल्लू घेताना काय बघावं याचा. आई पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. घरात वाढलेलंच घ्या. आईच्या वासाचं फडकं सोबत मागून घ्या, म्हणजे पिल्लू रात्री रडत नाही. घाई करणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नका. ताईने तो उभ्याने वाचला, एकेक मुद्दा मला विचारून घेतला आणि फोनवर फोटो काढला. शेजारीपाजारी कुणाला हवा असेल, असं मी धरून चालले. वर शहाणपणाने सांगितलं की फडकं जुन्या सुती कापडाचं बरं, वास धरून ठेवतं. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या म्हणतात, त्या अशा.

पुढे एकाच महिन्यात तीन पिल्लं सारख्याच जुलाबांनी बेजार होऊन आली. पार्व्हो म्हणतात त्या रोगाला. आमच्याकडे काम करणाऱ्याला दार उघडायच्या आधी त्याचा वास कळतो. तिसरं पिल्लू एका बापलेकीने आणलं. मुलगी सात-आठ वर्षांची, रडत नव्हती, तक्रार सांगत होती. आम्ही सगळं बरोबर केलं होतं, म्हणाली. आई बघितली, ती खूप गरीब होती, आणि तिथल्या आजींनी अजिबात घाई केली नाही. मग तिने खिशातून फडकं काढून टेबलावर ठेवलं. हिरव्यावर पांढरे ठिपके. ताईच्या बैठकीच्या खोलीतले जुने पडदे. शिवले होते मी. माझं मशीन डावीकडे ओढतं, त्यामुळे माझी दुमड नेहमी वाकडी जाते, आणि ती वाकडी दुमड माझ्यासमोर पडली होती. पिल्लू दुपारी गेलं. मुलीने फडकं परत मागितलं. मी दिलं नाही.

रविवारी सकाळी ताईकडे गेले. तिने लपवायचा प्रयत्नही केला नाही. व्हॅन दहाला येऊन पिल्लं उतरवून गेलेली. तीन पिल्लं बेसिनमध्ये न्हाऊन, वाळवून टोपलीत ठेवलेली. बाई सतरंजीवर आडवी होती. ताईने वाटीत दुधाची पावडर घट्ट कालवली आणि दोन बोटांनी तिच्या पोटाला चोळली. पिल्लं सोडल्याबरोबर चिकटली. बाई भिंतीकडे बघत थरथरत पडून राहिली.

घंटी वाजली तशी मी स्वयंपाकघरात गेले. तरुण नवरा-बायको होते. बायको फोनमध्ये बघून विचारत होती आणि प्रश्न सगळे माझ्या कागदावरचे. परक्या तोंडून मी माझीच वाक्यं ऐकत होते. ताई शांतपणे सांगत होती, घाई नाही, चार ठिकाणी बघा आणि मग या. सांगता सांगता तिने पिल्लू गुंडाळून त्या तरुण बायकोच्या मांडीवर दिलं आणि एक पाऊल मागे सरकली. मग खोलीत कुणी काही विचारलं नाही. अर्ध्या तासात ते पिल्लू घेऊन गेले.

"अठ्ठावीस वर्षांत एक बाळ चुकीच्या आईकडे जाऊ दिलं नाहीस तू," मी म्हणाले.

ताई वाटी घासत होती. तिचं सगळं सांगून झालं ते पाठमोरीच. बाई त्या माणसाची होती, हिला नुसती सांभाळायला दिलेली. बाईला ठेवायचं तर रविवार त्याचे. नाही म्हटलं तर बाई परत जाळीवर. मी चिडले. एका कुत्रीपायी किती पिल्लं, किती घरं, ते मोज म्हटलं.

"तुला मोजता येतं," ती म्हणाली. "मला ही एकटीच दिसते."

मग मी तिला ते सांगितलं जे तिला खरंच माहीत नव्हतं. हा रोग खोलीत राहतो. सतरंजीत, सोफ्याच्या कापडात, फरशीच्या फटीत, महिनोन्‌महिने. जे पिल्लू धडधाकट येतं तेही इथून घेऊन जातं. प्रसूतिगृहात जन्म काढलेली ती, जंतू म्हणजे काय हे मी तिला शिकवायला नको होतं. ती खाली फरशीकडे बघत राहिली. त्या आठवड्यात तिने सतरंजी जाळली, ब्लीचने खोली चार वेळा धुतली, हाताची सालं निघाली. शनिवारी फोन करून म्हणाली, उद्या मी खरं सांगणार आहे, तू ये.

मी गेले. एक कुटुंब आलं होतं, आई, वडील आणि लहान मुलगी. ताईचे ओठ सुकले होते. पण हाताची सवय कुठे जाते? तिने पिल्लू गुंडाळलं, मुलीच्या मांडीवर दिलं, मागे सरकली आणि त्यानंतर बोलली.

"ही याची आई नाही. आई कुठे आहे मला ठाऊक नाही. हे पिल्लू बहुतेक आजारी पडेल. घेऊ नका."

वडिलांनी आईकडे पाहिलं. मुलीने फडक्याचं टोक मुठीत घट्ट धरलं. मला वाटलं, आता ते पिल्लू खाली ठेवतील, ताईला चार शब्द सुनावतील, पोलिसांत जाऊ म्हणतील. तसं होऊ दे, असं मी मनात म्हणत होते.

"मग तर याला इथे सोडून जाताच येणार नाही," मुलीची आई हळूच म्हणाली.

घेऊन गेले. जाताना ताईचे आभार मानले, इतकं खरं हल्ली कोण बोलतं म्हणाले, आणि त्यांच्या मेहुण्यालाही पिल्लू हवंय, त्याला तुमच्याकडेच पाठवतो म्हणाले. मी हसले की रडले ते मला आठवत नाही.

सोमवारी दुपारी मी ताईकडे असतानाच व्हॅन आली. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. तो रागावला नाही, आवाज चढवला नाही. काकू, तुम्ही दमलात, आता आराम करा, म्हणाला. आम्ही बाई विकत मागितली, मागाल ते देतो म्हटलं. ती विकायची नाही, म्हणाला. व्हॅन दिसल्याबरोबर बाई कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, पहिल्या दिवशी उभी होती तशीच, पाय ताठ. ताई दारात आडवी उभी होती. त्याने तिला खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं.

मी तक्रार केली. पोलिसांची माणसं गावाबाहेरच्या त्याच्या शेडवर जाऊन आली, तर शेड रिकामी, नुसते पिंजरे. ताई पुन्हा सहाला उठून पलंगाच्या कडेवर बसायला लागली.

चार महिन्यांनी दवाखान्यात एक जोडपं आलं, पिल्लाला जुलाब होत होते. आई पाहिली होती का, हे मी तोंडच्या सवयीने विचारलं. पाहिली ना, म्हणाले. अगदी शांत होती. सोनेरी, डाव्या कानाला टोक नव्हतं, आणि सारखी भिंतीकडे बघत होती. मी त्या घराचा पत्ता लिहून घेतला. पत्ता तक्रारीसाठीच घेतला होता, खरं सांगते. पण संध्याकाळी ताईकडे गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

ताईने एकच विचारलं, ती खात असेल का नीट. ती उठली, तोंड धुतलं, केस विंचरले, चांगले कपडे काढले.

"कुठे निघालीस?"

"पिल्लू घ्यायला."

मी तिला सगळं ऐकवलं. पैसे त्याच माणसाला जातील, त्यातून तो आणखी पिल्लं काढील, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ती ऐकत होती आणि चपला घालत होती.

"आई दाखवतात ना तिथे?" ती म्हणाली. "तूच लिहिलंयस, बघितल्याशिवाय घेऊ नका."

अंधार पडायच्या आत ती परत आली. पिल्लू निळ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. तिने ते अलगद सोडवलं, पिल्लू माझ्या हातात दिलं, आणि फडकं नाकाशी धरून पलंगाच्या कडेवर बसली.

"तिचाच वास आहे," म्हणाली.

माझ्या हातातल्या पिल्लाचं पोट तापलेलं होतं.